उजेडाची मोड
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जालना म्हटले की बाहेरच्या माणसाला लोखंडी सळई आठवते, बियाणे आठवते, मोसंबी आठवते. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना 'जालना सोने का पालना' ही म्हण आठवते आणि ती म्हणून झाली की ते हमखास एक उसासा टाकतात. २०१८ पासून या यादीत आणखी एका नावाची भर पडली आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुनी माणसे अजूनही 'यूडीसीटी' म्हणतात, तिचे मराठवाडा आवार जालन्यात सुरू झाले. आमच्या जुन्या जालन्यात चहाच्या टपरीवर या संस्थेची चौकशी झाली ती एवढीच, की इथे आपली किती पोरे लागणार. प्रश्न रास्त आहे. पण या संस्थेचे मूळ कापडाच्या रंगात आहे, ही गोष्ट त्या गप्पांत कोणी काढली नाही. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचे. तरीही रंगांच्या रसायनातून निघालेल्या एका शोधाने मला गेली काही वर्षे झपाटून टाकले आहे. उजेडाचा एक कण एका विशिष्ट रंगद्रव्यावर पडतो, तिथे एक ऊर्जा जागी होते, आणि डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी त्या एका ऊर्जेच्या दोन होतात. शास्त्रज्ञ याला 'सिंग्लेट फिशन' म्हणतात. आज त्याचीच हकिकत सांगतो.

सुरुवात माटुंग्यापासून करू. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तेव्हा मुंबई हे गिरण्यांचे शहर होते. साहजिकच विभागाच्या पहिल्या दोन शाखांपैकी एक रासायनिक अभियांत्रिकीची होती आणि दुसरी वस्त्ररसायनाची. पुढच्याच वर्षी तिथे कृष्णस्वामी वेंकटरामन आले. मूळचे मद्रासचे, मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेले, लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवून आलेले. १९३८ मध्ये ते विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडाने निघत गेला आणि आठ खंडांपर्यंत पोहोचला. जगात जिथे जिथे रंगांवर काम चालते, तिथल्या प्रयोगशाळांच्या कपाटात हे खंड असत. माटुंग्यात बसून, गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर हे काम झाले, याचा आपण म्हणावा तितका अभिमान बाळगलेला नाही.

या साऱ्या विद्येचा रोख एकाच प्रश्नावर होता. रंग धाग्यावर बसतो कसा, आणि बसल्यावर धुण्यात व उन्हात टिकतो कसा. रंगरेजाच्या भाषेत, रंग पक्का की कच्चा. आमच्या जुन्या जालन्यात माझ्या लहानपणी ओढण्या आणि फेटे रंगवून देणारे रंगरेज होते. तोवर त्यांच्या हातात पुड्यांतला तयार रंग आला होता. हिरडा, तुरटी, हिराकस, निळीचे रांजण ही त्यांच्या आजोबांची सामग्री. पण गिऱ्हाईक विचारायचे तेच, जे आजोबांना विचारायचे. चाचा, ऊन लागलं तर विटणार नाही ना?

लाल रंगाचीच गोष्ट घ्या. आपल्याकडे पक्का लाल दोन मुळांतून यायचा, आलाच्या आणि मंजिष्ठेच्या. आल हे झाड खानदेश, वऱ्हाड, माळवा या भागांत काळ्या जमिनीत मुद्दाम लावत. तीन-चार वर्षे थांबायचे, मग मुळे खणून काढायची. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग मुळांच्या काढ्यात. बिऱ्हाडच्या बिऱ्हाड या कामाला जुंपलेले असे. युरोपात हेच काम मंजिष्ठेची तिकडची बहीण करत होती, आणि तिच्या मुळातल्या रंगाला अलिझरीन म्हणत. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल ग्रेबे आणि कार्ल लिबरमान या दोन तरुण रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन जस्ताच्या भुकटीबरोबर तापवले. हाती लागले ते अँथ्रासीन. हा पदार्थ दगडी कोळशाच्या डांबरात असतो हे १८३२ पासून ठाऊक होते. शहरांतल्या रस्त्यांवरचे दिवे पेटवण्यासाठी कोळशापासून वायू काढत, त्यात मागे उरणारा हा चिकट काळा गाळ. मुळातला लाल रंग आणि दिव्याचा गाळ एकाच कुळातले निघाले! मग उलटी वाट धरायला कितीसा वेळ लागणार? अँथ्रासीनपासून अलिझरीन करण्याच्या पेटंटसाठी १८६९ च्या जून महिन्यात लंडनला दोन अर्ज दाखल झाले, एक जर्मनांचा आणि दुसरा विल्यम पर्किनचा, एका दिवसाच्या अंतराने.

पुढचे सांगायला नको. कारखान्यातला लाल स्वस्त होता, वर्षभर मिळायचा, छटा बदलत नव्हती. युरोपातली मंजिष्ठेची शेते उठली, आपल्याकडचा आलही उठला. १८९७ मध्ये जर्मन कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि निळीच्या शेतीचेही तेच झाले. निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाचा इतिहास आपण वाचतो आणि तो वाचायलाच हवा. पण ज्यांना आल किती शिजवायचा हे पाण्याच्या वासावरून कळायचे, त्या माणसांची विद्या कुठे गेली, याची नोंद करण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. त्या विद्येला मारणाऱ्या रेणूचे नाव मात्र ध्यानात ठेवा. अँथ्रासीन. आपल्या गोष्टीत तोच पुन्हा येणार आहे.

आता थोडे शास्त्र सांगावे लागेल, आणि मी ते माझ्या समजुतीच्या पायरीवरून सांगतो. रंगद्रव्याच्या रेणूत इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. जोडीतल्या दोघांची फिरत एकमेकांच्या उलट असते, त्यामुळे बेरीज शून्य. उजेडाचा कण, म्हणजे फोटॉन, आला की जोडीतला एक वरच्या माळ्यावर जातो. वर गेल्यावरही त्याची फिरत जुन्या सोबत्याच्या उलटच राहिली, तर त्या अवस्थेला सिंग्लेट म्हणतात, मराठीत एकक. फिरत एकाच दिशेची झाली तर ट्रिप्लेट, म्हणजे त्रिक. चुंबकाच्या क्षेत्रात तिचे तीन प्रकार पडतात म्हणून हे नाव. त्रिक अवस्थेची ऊर्जा कमी असते. शिवाय निसर्गाचा एक कडक नियम असा, की उजेड शोषून एककातून थेट त्रिकात जाता येत नाही, आणि त्रिकातून उजेड सोडून सहजासहजी खालीही उतरता येत नाही. म्हणून त्रिक पुष्कळ काळ रेंगाळते. उजेड बंद केल्यावरही काही पदार्थ मंद चमकत राहतात, ते या रेंगाळण्यामुळे, हे गिल्बर्ट लुइस आणि मायकेल कॅशा यांनी बर्कलीत १९४४ मध्ये मांडले.

१९६० मध्ये लेसर आला. त्यानंतर पाचच वर्षांनी कॅनडात सिंग, जोन्स, सिब्रांड, स्टॉइचेफ आणि श्नायडर या पाच जणांनी अँथ्रासीनच्या स्फटिकावर लेसरचा झोत टाकून त्यातून उशिरा येणाऱ्या उजेडाचा हिशेब मांडला. निबंधावरचे पहिलेच नाव सिंग असे आहे, हे वाचून मला उगाचच बरे वाटले. दोन त्रिके एकत्र येऊन एक एकक होते आणि उजेड बाहेर पडतो, हे आधीपासून माहीत होते. या मंडळींनी म्हटले, की याच्या उलटही होत असले पाहिजे. भरपूर ऊर्जा मिळालेले एकक शेजारच्या रेणूला अर्धा वाटा देते आणि दोन त्रिके तयार होतात. नियम मोडला का? नाही. एकट्या त्रिकाची फिरत शून्य नसते, पण शेजारशेजारची दोन त्रिके अशी बसू शकतात, की दोघांची मिळून बेरीज शून्य. जमाखर्च जुळतो, म्हणून निसर्ग हरकत घेत नाही, आणि सारा प्रकार कल्पनेपलीकडच्या वेगाने उरकतो.

फिशन हा शब्द आपल्याला अणुबाँबमुळे माहीत झाला आणि त्याला आपण विखंडन म्हणतो. इथे काहीही खंडित होत नाही, रेणू जागच्या जागी शाबूत असतो. माझ्या मते याला मराठीत 'मोड' म्हणावे. बंदा रुपया मोडला की दोन अधेल्या मिळतात, किंमत तेवढीच राहते. परिभाषा कोश करणारे विद्वान हा शब्द मान्य करणार नाहीत याची मला कल्पना आहे, पण दुकानात गेलेल्या कोणालाही तो कळेल.

अँथ्रासीनमध्ये एकक सुमारे ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचे आणि त्रिक सुमारे १.८ चे. म्हणजे दोन त्रिकांना ३.६ हून जास्त लागणार; रुपयात दहा-अकरा पैशांची नव्हे, चांगलीच तूट. म्हणून तिथे जास्तीची ऊर्जा घेऊन आलेले एककच फुटते. अँथ्रासीनमध्ये कोळशाच्या तीन षट्कोनी कड्या एका ओळीत असतात. चार कड्यांचा टेट्रासीन, पाच कड्यांचा पेंटासीन. कडी वाढली की हिशेब सुधारत जातो. नारिंगी टेट्रासीनमध्ये तूट अगदी थोडी, साध्या खोलीतल्या उष्णतेने भरून निघण्याजोगी. निळसर जांभळ्या पेंटासीनमध्ये तर तूट नाहीच, वर थोडी शिल्लक. टेट्रासीनचा स्फटिक इतका कमी का चमकतो याचे उत्तर म्हणून १९६८ मध्ये स्वेनबर्ग आणि स्टेसी यांनी सिंग्लेट फिशन पुढे केले: उजेड देणारे एकक आधीच मोडले जाते, मग चमकणार कोण? १९६९ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत मेरिफील्ड, आवाकियन आणि ग्रॉफ यांनी, आणि न्यूयॉर्कमध्ये जियासिंटोव्ह, पोप व व्होगेल यांनी याचा पुरावा दिला. टेट्रासीनच्या स्फटिकाजवळ चुंबक आणला की त्याची चमक बदलते. ज्याला चुंबक चिकटणार नाही अशा स्फटिकाचा उजेड चुंबकाने कमीजास्त व्हावा, हे मला कवितेपेक्षाही नवलाचे वाटते. चुंबकामुळे त्रिकांच्या जोड्यांचे गणित बदलते, दुसरे काही नाही.

आणि मग जवळजवळ पस्तीस-चाळीस वर्षे शांतता. अगदीच कोणी फिरकले नाही असे नाही. १९८० मध्ये हॉलंडच्या संशोधकांना उन्हावर जगणाऱ्या एका जांभळ्या जिवाणूत, गाजराच्या रंगाच्या भाऊबंदांमध्ये, हाच प्रकार आढळला. पण एरवी हा विषय जाडजूड ग्रंथांतल्या एका प्रकरणापुरता उरला. याचा उपयोग काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते. अशा बिनउपयोगाच्या गोष्टी जपून ठेवणाऱ्या ग्रंथालयांना अनुदान देताना आपण हात आखडता घेतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरी अडचण वेळेची होती. मोड होते म्हणजे नेमकी केव्हा होते, हे पाहणार कसे? १९४९ च्या सुमारास नॉरिश आणि पोर्टर यांनी विजेच्या दिव्याचा लखलखाट वापरून क्षणभंगुर रेणू पकडायची रीत काढली आणि त्यांना १९६७ चे नोबेल मिळाले. तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या, लाखाव्या भागाचा. इथे हवा होता त्याच्याही अब्जाव्या भागाच्या आसपासचा. आणि गंमत पाहा, ही नड पुन्हा रंगानेच भागवली. १९६६ मध्ये रंगद्रव्यांच्या द्रावणातून लेसर निघू शकतो असे दिसले. त्यातले सर्वांत नावाजलेले द्रव्य म्हणजे ऱ्होडामीन. त्याचाच एक प्रकार गुलाबी रंगासाठी जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'मध्ये घालतात, आणि तो खाण्यात घालू नये म्हणून सरकारला बंदी करावी लागते. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फोर्क, ग्रीन आणि शँक यांनी ऱ्होडामीनच्या लेसरमधून १०० फेम्टोसेकंदांहून लहान झोत काढला. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. एक फेम्टोसेकंद जर आपण एका सेकंदाएवढा ताणला, तर त्याच मापाने एक सेकंद तीन कोटी सतरा लाख वर्षांचा होईल.

एवढ्या लहान काळाला घड्याळ कुठले? इथे घड्याळ नसतेच, फूटपट्टी असते. एका झोताचे दोन भाग करायचे. पहिला रंगद्रव्याला जागे करतो, दुसरा जाऊन पाहून येतो, की आता तिथे कोणता रंग शोषला जातोय. दुसऱ्याला थोडा लांबचा रस्ता द्यायचा. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला, की जाऊन येऊन ०.३ मिलिमीटर वाढते आणि तेवढे चालायला उजेडाला १,००० फेम्टोसेकंद लागतात. आरसा केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने हलवत जायचे आणि एकेक चित्र जमवायचे. एककाचा शोषणाचा रंग वेगळा, त्रिकाचा वेगळा. एक मावळताना आणि दुसरा उगवताना दिसला, की मोड झाली.

या रीतीने रासायनिक बंध तुटताना प्रत्यक्ष पाहिले ते अहमद झेवेल यांनी. इजिप्तमधल्या दमनहूर गावी १९४६ मध्ये जन्मलेला, अलेक्झांड्रियाला शिकलेला हा माणूस कॅलिफोर्नियात गेला आणि १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला एकट्याला मिळाले. २०१६ मध्ये ते गेले. उजेड डोळ्यातून बाहेर जात नाही, वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे हजार वर्षांपूर्वी ज्या कैरोत इब्न अल-हैसम प्रयोग करून लिहीत होता, त्याच मुलखातून हा आला. आमच्या समाजातल्या सभांमध्ये अल-हैसमचे नाव फार निघते आणि झेवेलचे कमी निघते. हजार वर्षांपूर्वीचा मोठेपणा सांगायला प्रयोगशाळा बांधावी लागत नाही, हे त्याचे कारण असावे.

उपयोगाचा प्रश्न सुटला तो सौर ऊर्जेमुळे. सिलिकॉनच्या सौर पॅनेलला उजेडाच्या एका कणामागे साधारण १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट घेता येतात. हिरव्या उजेडाचा कण आणतो २.३-२.४. वरचे सगळे उष्णता होऊन जाते. पाच रुपयांच्या वस्तूला दहाची नोट द्यावी आणि दुकानदाराने 'मोड नाही' म्हणून नोट गल्ल्यात टाकावी, तसे. शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्येच गणित करून दाखवले होते, की अशा एकेरी पॅनेलला आलेल्या उन्हाच्या सुमारे एकतृतीयांशापलीकडे वीज करता येणार नाही. बाजारातले चांगले पॅनेल २० ते २३ टक्के देते. प्रयोगशाळेतले उत्तमातले उत्तम सिलिकॉन २७ टक्क्यांच्या आसपास आहे. वर जालन्यासारख्या गावात मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला, की पॅनेल तापते, आणि तापलेले पॅनेल दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देते. म्हणजे ऊन जास्त तिथे तोटाही जास्त. शेतातल्या सौर पंपावर विसंबलेल्या माणसाला हे कागदावरून नव्हे, पाइपातून येणाऱ्या धारेवरून कळते.

२००६ मध्ये अमेरिकेत हॅना आणि नोझिक यांनी हिशेब मांडला, की उजेडाच्या मोठ्या नोटेची आधीच मोड करून घेतली तर ही मर्यादा ४४-४५ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. चाळीस वर्षे धूळ खात पडलेला तो स्फटिकांतला प्रकार एकदम सर्वांना आठवला. २०१० मध्ये स्मिथ आणि मिख्ल यांनी या विषयाचा समग्र आढावा लिहिला. २०११ मध्ये केंब्रिजच्या गटाने फेम्टोसेकंद झोतांनी पेंटासीनच्या पातळ थरातली मोड मोजली: सुमारे ८० फेम्टोसेकंद. टेट्रासीन, तूट भरायची म्हणून, त्यापेक्षा शेकडो पटींनी सावकाश. २०१३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी पेंटासीन वापरून असे उपकरण केले, की विशिष्ट रंगाच्या उजेडाच्या शंभर कणांमागे त्यातून १०९ इलेक्ट्रॉन निघाले. वर्तमानपत्रांनी तेव्हा शंभर टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता, असे मथळे दिले. ते चुकीचे होते. मोजणी नगांची होती, किमतीची नव्हे. दोन अधेल्या म्हणजे दोन रुपये नव्हेत. एकंदर वीज म्हणाल तर त्या उपकरणातून अगदी किरकोळ मिळाली.

खरी कसोटी सिलिकॉनशी गाठ घालून देण्याची. पेंटासीनच्या त्रिकाची ऊर्जा सिलिकॉनला पुरत नाही. टेट्रासीनची १.२५, ती पुरते. पण सिलिकॉनच्या पृष्ठभागापाशी येऊन ही त्रिके वाया जात. १९७० च्या दशकापासून कल्पना होती, जमत नव्हते. २०१९ मध्ये एमआयटीतच दोघांच्या मधे हॅफ्नियम ऑक्सिनायट्राइडचा थर दिला, जाडी एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी, आणि त्रिकांची ऊर्जा पलीकडे उतरली. टेट्रासीनने पकडलेल्या शंभर कणांमागे सुमारे १३३ वाटे सिलिकॉनपर्यंत पोहोचले.

आपल्या देशातही या वाटेवर माणसे आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हिरेंद्रनाथ घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगद्रव्यातून टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणात इलेक्ट्रॉन कसा उडी मारतो, ते फेम्टोसेकंदांच्या मापाने वर्षानुवर्षे तपासले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ज्योतिष्मान दासगुप्ता यांचा गट अशाच झोतांनी रामन-वर्णपट घेतो, म्हणजे १९२८ चा चंद्रशेखर वेंकट रामन यांचा शोध आता क्षणाच्या इतक्या बारीक तुकड्यांवर लावला जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सतीश पाटील आणि केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ यांनी २०१७ मध्ये मोटारींच्या लाल रंगलेपात वापरल्या जाणाऱ्या रंगद्रव्याच्या घराण्यातले रेणू घेऊन, त्यांना ही मोड शिकवता येईल का, याचा शोध घेतला. माटुंग्याच्या रंगरसायनाच्या परंपरेतून आलेली संस्था आता आमच्या दारात आहे, तिच्या एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा, अशी इच्छा मी इथे बोलून ठेवतो.

कारण काम पुष्कळ उरले आहे, आणि ते रंगरेजाचेच काम आहे. पेंटासीन उन्हात टिकत नाही. त्याचे द्रावण हवेत आणि उजेडात ठेवले, तर प्राणवायू रेणूच्या मधल्या कडीला चिकटतो आणि गडद रंग बघता बघता उडून जातो. टेट्रासीनही याच दुखण्याचा. रंगरेजाच्या भाषेत हे सगळे कच्चे रंग. एक गोष्ट तर अशी, की त्रिक हाच प्राणवायूला चिथावणारा आहे. ज्या अवस्थेसाठी हा सारा खटाटोप, तीच रंग विटवायला मदत करते.

इथे मला निळीची आठवण येते. नीळ शेकडो वर्षे टिकते. का, याचे उत्तरही याच झोतांनी दिले. निळीच्या रेणूला उजेडाने जागे केले, की त्यातला हायड्रोजनचा गाभा शेजारच्या ऑक्सिजनकडे झुकतो आणि आलेली ऊर्जा सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही कितीतरी आधी उष्णता होऊन निघून जाते. रेणूला इजा व्हायला सवडच मिळत नाही. म्हणजे नीळ पक्की, पण उजेडाची कमाई हाती ठेवत नाही. तिच्यापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिबालाक्रोट नावाचा एक तांबडा रंग करण्यात आला होता. तो वाट सोडून देणारा हायड्रोजन त्यात नाही, म्हणून तो चमकतो, आणि तरीही टिकाऊ आहे. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या फॅलन, ब्रॉन्स्टाइन, राव आणि सहकाऱ्यांनी त्याच्या रचनेत फेरफार करून मोड करणारे आणि उन्हाला दाद न देणारे रेणू घडवण्याची वाट दाखवली. कारखान्यांच्या जुन्या रंगयाद्यांत असे आणखी किती रंग पडून असतील, ते कोणीतरी बसून चाळायला हवे. वेंकटरामनांचे आठ खंड त्या कामाला चांगले आहेत.

कापडाचा रंग उन्हाला किती टिकतो, हे मोजायची एक साधी रीत वस्त्ररसायनात आहे. निळ्या रंगाने रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या, एक नंबरची सर्वांत कच्ची आणि आठ नंबरची सर्वांत पक्की. तपासायचे कापड त्यांच्याबरोबर प्रखर दिव्याखाली ठेवायचे आणि ते कोणत्या पट्टीबरोबर विटते ते पाहायचे. सौर पॅनेलवर बसवायच्या रंगद्रव्याला याहून कितीतरी कडक परीक्षा द्यावी लागेल. सिलिकॉनच्या पॅनेलला आज उत्पादक पंचवीस वर्षांची हमी देतात, आणि टेट्रासीनचा थर हवा लागू नये म्हणून अजून नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत, हातमोजे घालून हाताळतात.